किसुमूची वेणी, आखाजीचा झोका

मी देश सोडला त्या दिवशी नंदुरबारच्या स्टेशनावर सगळेच रडत होते. त्यातलं माझ्यासाठी कोण आणि मिरचीपायी कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मिरची वाळवायच्या पथाऱ्या तेव्हा ऐन भरात होत्या. नजर पोचेल तिथवर लाल जमीन, आणि वारा नेमका फलाटाकडे. तिकीट तपासनीस डोळे पुसत होता आणि त्याची माझी तर ओळखही नव्हती. आम्हाला सोडायला आलेल्या रिक्षावाल्यानं असा हुंदका दिला की नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्याच पाठीवरून हात फिरवला आणि मला आशीर्वाद द्यायचा विसरून गेले.

माय तेवढी रडली नाही. ती माझी बॅग दाबत होती. लाल तिखट, कुरडया, ज्वारीचे बिबडे, दोऱ्याची गुंडाळी, क्रोशाची सुई आणि तेलाची बाटली. तेल म्हणजे साधंसुधं नव्हे. खोबरेलात माका, मेथी, जास्वंद आणि काय काय पाला उकळून केलेलं. आमच्या गावात एकदा त्याचे चार थेंब खराट्यावर सांडले, तर आठ दिवसांत खराट्याला पालवी फुटली. पटत नसेल तर नानांना विचारा. तेही हो म्हणतील, कारण मायसमोर ते दुसरं काही म्हणत नाहीत.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्या बाईनं सुई धरली. हे हत्यार काय आहे, म्हणाली. मी म्हटलं, तोरण विणायची आहे. तिला खरं वाटेना, म्हणून तिथंच उभ्या उभ्या एक फूल विणून दाखवलं. मागे अर्धी मुंबई ताटकळली होती. बाईनं फूल ठेवून घेतलं, सुई परत दिली. ही सुई मला पुढे कुठे नेणार आहे हे तिला कळतं, तर कदाचित सुई ठेवून घेऊन फूल परत दिलं असतं.

आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट. शहाद्याकडे बारा महिने मळीचा वास घेऊन कंटाळले, हवापालट हवी म्हणून थेट केनियात गेले, आणि तिथे पुन्हा साखर कारखाना, पुन्हा तीच मळी. किसुमू नावाच्या शहराजवळ आमची कॉलनी. शहराला लागून तळं आहे. तापीला पूर आला आणि ओसरायचं ती विसरून गेली तर कशी दिसेल, तसं ते तळं. पहिल्या दिवशी काठावर उभी राहिले आणि वाटलं, यात आमचं अख्खं गाव बुडेल, वर मारुतीच्या देवळाचा कळसही दिसायचा नाही.

हे सकाळी कामावर जात आणि मी घरात एकटी. तुम्ही गावी राहिलेल्या बाया म्हणत असाल, बरं की, ना सासू ना शेत. पण अंगणात कुणी डोकावत नाही, चुलीवर काय आहे हे कुणी विचारत नाही, तेव्हा वाटीभर वरणही गिळवत नाही. माझ्यासारख्या जिथे-तिथे उडालेल्यांना हे सांगायला नको. मग मी विणायला घेतलं. दाराला तोरण झालं, टीव्हीला झालर झाली, फ्रिजच्या दांडीला मोजा झाला, गॅसच्या टाकीला झबलं झालं. कारखान्याच्या धुराड्याचं माप घ्यायला निघाले तेव्हा यांनी हात जोडले आणि म्हणाले, जरा बाहेर फिरून ये.

फिरायला गेले आणि कॉलनीच्या फाटकासमोर पत्र्याच्या छपराखाली अकिन्यीचं दुकान दिसलं.

अकिन्यी म्हणजे केस गुंफणारी बाई. अंगानं आमच्या घरच्या कोठीएवढी, आणि हसणं असं की कारखान्याचा भोंगा बिघडला त्या आठवड्यात कामगार तिच्या हसण्यावर पाळी बदलत. ती एका मुलीच्या मागे उभी होती आणि तिच्या हातात, देवाशप्पथ सांगते, क्रोशाची सुई होती. मी रुमालाला किनार घालते तशी ही बाई डोक्याला किनार घालत होती. मी दारातच थिजले. तिनं मला पाहिलं, माझ्या पिशवीतून लोंबणारं अर्धं तोरण पाहिलं, "कारिबू" म्हणाली, म्हणजे ये, आणि दुसरी सुई माझ्या हातात ठेवली. चहा नाही, पाणी नाही, नावगाव नाही. मी म्हटलं, हे तर आपल्याहून आपलं निघालं.

आता आपल्याकडच्या कितीतरी पोरी मला फोनवर विचारतात, की हे कसं करतात. एकदाच सांगते, नीट ऐका.

पहिलं डोकं. डोकं म्हणजे शेत समजा. आधी स्वच्छ धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, गुंता सोडवायचा. मग केसांच्या बारीक, चपट्या, कातडीला चिकटून जाणाऱ्या वेण्या घालायच्या, सऱ्या पाडतात तशा. सरी जिकडे वळते तिकडे पाणी जातं. तशी वेणी जिकडे वळेल तिकडे वरचे केस पडतात. भांग मधोमध हवा की एका अंगाला, हे सरी पाडायच्या आधी ठरवायचं. पीक उभं राहिल्यावर नव्हे.

दुसरं सुई. आपली रुमालाची सुई इथे चालत नाही, ती केसात अडकते आणि गिऱ्हाईक बोंबलतं. हिच्या टोकाला बारीकसं फाटक असतं. सुई सरीखालून घालायची, बाहेरून आणलेल्या केसांची बट मधोमध दुमडून आकड्यात अडकवायची, फाटक लावायचं आणि अलगद ओढायचं. सरीखालून फास वर येतो. त्या फासातून बटेची दोन्ही टोकं काढली की गाठ बसली. पुढच्या बाजूला बारीक बटा, जवळ जवळ. मागे विरळ चालतात, मागचं कोण बघतंय. कपाळाच्या कडेची लव मात्र मोकळी सोडायची, तिला हात लावायचा नाही.

तिसरं, ते बाहेरचे केस. विकत मिळणाऱ्या जुड्यांना कसलंसं औषध लावलेलं असतं, त्यानं खाज सुटते. आधी सिरका घातलेल्या पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्यायच्या. बटांची वेणी केली असेल तर टोकं गरम पाण्यात बुडवायची, म्हणजे सुटत नाहीत. झोपताना गुळगुळीत सॅटिनचा रुमाल बांधायचा. दीड-दोन महिन्यांत सगळं उतरवायचं, डोक्याला विश्रांती द्यायची. आणि डोक्यात जखम असेल, चाई पडली असेल, तर सुई नव्हे, डॉक्टर गाठायचा.

सगळा खटाटोप कशासाठी? आपले स्वतःचे केस आत झाकून राहतात. ऊन नाही, फणी नाही, ओढाताण नाही. वर परक्या केसांचा थाट चाललेला असतो आणि आत आपले गुपचूप वाढतात.

आणि घट्टपणा. हे शिकायला मला सर्वांत वेळ लागला. आपल्याकडे शाळेच्या वेण्या आठवा. लाल रिबिनी लावून अशा आवळायच्या की भुवया केसांत जाऊन बसत. आमच्या वर्गाच्या फोटोत सगळ्या मुली भूत पाहिल्यासारख्या दिसतात. मी त्याच हातानं आवळायला गेले तर अकिन्यीनं मनगट धरलं. "पोले पोले," म्हणाली, हळूहळू. दुखलं म्हणजे टिकेल असं नसतं. दुखलं म्हणजे चुकलं.

पण माझी खरी फजिती झाली ती तेलानं. जवळच्या शाळेत शिकवणारी एक बाई आली, चर्चच्या गायनात पुढे उभी राहणारी. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न होतं. अकिन्यी बाजारात गेलेली. मी म्हटलं, पाहुणीला जरा चांगलं करून देऊ, आणि मायच्या बाटलीतलं तेल तिच्या डोक्यात जिरवलं. आपल्याकडे कुणाचं डोकं हातात आलं आणि तेल न लावता सोडलं तर ते दारातून पाहुणा उपाशी घालवल्यासारखं. नंतर सऱ्या पाडल्या, बटा लावल्या, बाई खूश होऊन गेली.

लग्नात पहिलं गाणं झालं तोवर ठीक. दुसऱ्याला टाळ्या सुरू झाल्या, तिसऱ्याला नाच, आणि तेलकट सऱ्यांवरून बटा सुटायला लागल्या. आधी एक, मग दोन, मग वावटळीत कैऱ्या पडाव्यात तशा. एक नवरदेवाच्या खांद्यावर, एक पाद्र्याच्या पुस्तकावर. म्हणतात की एक वाजंत्र्याच्या कर्ण्यात शिरली आणि त्यातून भलताच सूर निघाला, आणि लोक त्याच्यावर जास्त नाचले. मी समक्ष नव्हते, पण मी सांगते म्हणजे झालंच असणार.

ती बाई दुसऱ्या सकाळी दुकानात आली. मी टेबलामागे लपले. ती हसत होती. तिच्यामागे अकिन्यीही हसत होती, आणि पत्रे थरथरत होते. अकिन्यीनं तेलाची बाटली उचलली, वास घेतला आणि म्हणाली, हे उत्तम आहे, पण केस उतरवल्यावर. आणि त्या बाटलीला दुकानात स्वतंत्र फळी दिली. विश्रांतीच्या आठवड्यात डोक्याला मायचं तेल, अशी आमच्या दुकानाची नवी पद्धत पडली. बायका त्यासाठी तळ्यापलीकडून येऊ लागल्या.

मला इतकं बरं वाटलं की मी दुकानातला माझा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. हातात सुई, पुढ्यात गिऱ्हाईक, मागे ती फळी.

वहिनीनं, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोनं, तो फोटो मायला दाखवला. मायनं पाहिलं, आणि मला फोनवर एवढंच विचारलं:

"तू लोकसना डोकाले हात लावस?"

लोकांच्या डोक्याला हात लावतेस तू? मी हो म्हटलं. मग फोन नानांकडे गेला आणि परत मायकडे आलाच नाही.

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमचं घर पाटलाचं. लग्नाकार्यात न्हावीण घरी यायची, तिच्यावाचून मांडव हलत नसे, मान तिचा मोठा असे. पण ते काम तिचं, आपलं नव्हे, हे आमच्या भिंतींनाही ठाऊक. पाटलाच्या मुलीनं शिक्षिका व्हावं, बँकेत बसावं, नाहीच जमलं तर घरात बसावं. परक्याच्या मागे उभं राहून त्याचे केस विंचरणं यातलं काहीच नाही.

त्यानंतर मी फोन केला की नाना सांगत, माय शेतात गेली. मायनं शेतात जाणं कधीच सोडलेलं. सकाळी केला तर शेतात, दुपारी केला तर शेतात, पाऊस कोसळत असताना केला तरी शेतात. नानांच्या सांगण्याचा हिशोब धरला तर त्या वर्षी तालुक्याचा सगळा कापूस एकट्या मायनं वेचला.

तिकडे अकिन्यीनं तळ्याकाठच्या बाजारात दुसरं दुकान पाहिलं. ते तू सांभाळ, म्हणाली, तुझं म्हणून. मी म्हटलं, आखाजीनंतर सांगते. मनात ठरवून टाकलेलं होतं: आखाजीला घरी जायचं, आणि माय तरीही बोलली नाही, तर सुई ठेवून द्यायची. तोरणं काय, मायशी बोलतही विणता येतात.

आखाजी म्हणजे आमच्याकडचा लेकी माहेरी यायचा सण. अक्षय्य तृतीयेला गल्लीतल्या निंबाला झोके बांधतात, सासुरवाशिणी येतात, गाणी म्हणत झोके घेतात, आणि रस-मांडे खाऊन कुणालाच उठवत नाही. मी आले. मायनं पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, सगळं रीतसर. बोलली मात्र नाही. ती म्हशीशी बोलायची. मी जेवायला बसले की दाराबाहेर तोंड करून म्हशीला म्हणायची, "इले सांग, मांडा थंडा व्हई ऱ्हायना." हिला सांग, मांडा थंड होतोय. म्हैसही बिचारी माझ्याकडे वळून बघायची. तीन दिवसांत तिला आमच्या घरातलं सगळं कळलं.

झोक्यावर मला वेगळंच दिसलं. माय झोका घेतच नव्हती. माझी माय. तरुणपणी ती इतका उंच झोका घ्यायची की वरून शहाद्याची बस येताना दिसायची, आणि ती ओरडून सांगे तेव्हा खालचे लोक पिशव्या उचलून निघत. आता ती निंबाच्या बुंध्याशी पदर कानामागे घट्ट खोचून बसलेली आणि दुसऱ्यांना झोके देत होती.

वहिनीनं मला परसात नेऊन सांगितलं. दोन आखाज्यांमागे झोक्यावर मायचा पदर उडाला. वर्षानुवर्षं आवळून अंबाडा घातल्यानं कपाळ मागे सरकलेलं, भांगाची तर बैलगाडीची चाकोरी झालेली. गल्लीतली एक जण मोठ्यानं हसून म्हणाली, या चाकोरीतून आमची गाडी पण जाईल. तेव्हापासून माय झोक्यावर बसली नाही. आंघोळ करून येते तीही पदर घेऊन.

मला वाटलं होतं, मायला माझ्या हातांची लाज वाटते. तिला तर स्वतःच्या डोक्याचीही वाटत होती, आणि दोन्ही तिनं एकाच पदराखाली झाकलं होतं.

दुपारी सगळे रस पिऊन आडवे झाले. ओसरीवर मी खिडकीच्या गजाला दोरी बांधून वहिनीला गाठ कशी बसवतात ते दाखवत होते. माय दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, मला नव्हे, वहिनीला:

"दुखस का?"

वहिनीनं मान हलवली, नाही. माय आत गेली. मला वाटलं, संपलं. तर ती पाट घेऊन आली, माझ्यापुढे टाकला, माझ्याकडे पाठ करून बसली आणि पदर खाली घेतला.

इतक्या बायकांची डोकी केली, पण हे डोकं मी आयुष्यात पहिल्यांदा असं जवळून बघत होते. पाखरासारखं लहान. माय पुढेच बघत म्हणाली:

"मन्हं डोकं तुन्हा हातमा दिधं. आते काय बांधानं ते बांध."

मग मी कामाला लागले. विरळ जागेला हात लावला नाही. बाजूच्या केसांच्या सैल सऱ्या अशा तिरक्या वळवल्या की भांगाची चाकोरी झाकली जावी. बॅगेतून हलक्या जुड्या काढल्या, थोड्या काळ्या, थोड्या करड्या. करड्या बघून माय भडकली. मी काय इतकी म्हातारी दिसते का, म्हणाली. हे वर्षभरातलं आमचं पहिलं भांडण, आणि मला ते पुरणपोळीपेक्षा गोड लागलं. शेवटी करडं तीन बोटं आणि बाकी काळं, असा तह झाला. बटा लावून मागे सैल अंबाडा वळला.

आणि तेवढा वेळ माय बोलत होती. वर्षभराचं तुंबलेलं बोलणं, धरणाचे सगळे दरवाजे एकदम. अकिन्यीला मुलं किती, नवरा काय करतो, तिकडे भाकरी कसली खातात, तेलाच्या फळीवर धूळ बसते का. म्हणजे फोटो तिनं चांगलाच निरखला होता. सुईला हात लावून पाहिला, फाटक उघडझाप केलं आणि म्हणाली की लोखंड बरं आहे.

इतक्यात शेजारची काकू ताक मागायला आली. दारातच थबकली. पाटलीण पाटावर बसलीय, डोक्यावर पदर नाही, आणि लेक मागे सुई घेऊन. काकूनं विचारलं, "काय करी ऱ्हायन्यात व पाटलीन?"

माझी सुई फासातच थांबली. मायनं मान हलवली नाही. हलवायची नाही हे तिला आपोआप कळलं होतं.

"मन्ही आंडेर मन्हं डोकं करी ऱ्हायनी," ती म्हणाली. "आफ्रिकामा दुकान शे तिन्हं. तुले करनं व्हई ते बठ. पण मन्हं झाया वर."

माझी लेक माझं डोकं करतेय. आफ्रिकेत दुकान आहे तिचं. तुला करायचं असेल तर बस, पण माझं झाल्यावर. दुकान अजून माझं झालेलंही नव्हतं. ते मायनं ओसरीवर बसल्या बसल्या करून टाकलं. अकिन्यीला मी फोन लावला तो त्याच संध्याकाळी.

त्याआधी माय झोक्यावर बसली. पहिल्या दोन हेलकाव्यांत पदर दातात होता. तिसऱ्याला तिनं तो सोडला आणि वाऱ्यानं नेला. माय वर गेली, निंबाच्या शेंड्याच्याही वर गेली म्हणा, आणि गाडीची चाकोरी म्हणणारी ती बाई खाली उभी राहून मला हळूच विचारत होती, उद्या सकाळी वेळ आहे का. मी म्हटलं, मायला विचार. रांग तीच लावते.

आता तळ्याकाठच्या दुकानात मी फोन आरशाला टेकवून ठेवते. पलीकडून माय बघत असते आणि सरी वाकडी गेली की ओरडते. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण? मी सांगते, मालकीण. मग ती फोनमधल्या मायला हात हलवतात आणि माय त्यांना अहिराणीत घरी कोण कोण आहे ते विचारते. उत्तरं तिला मिळतात, कशी ते मला विचारू नका.

तुम्ही विचारता, तिकडे करमतं का, घर कुठलं वाटतं. तापीकाठचं म्हटलं तर इथल्या बायका रुसतात, इथलं म्हटलं तर माय शेतात निघून जाईल. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय. डोळ्यांत डोळे घालून तर कुणीही बसतं, दुकानदारही आणि साहेबही. पण माणूस आपल्याकडे पाठ करतो, पदर उतरवतो, मान सैल सोडतो आणि मागे काय चाललंय ते न बघता गप्पा मारत राहतो, ती जागा घर. माझ्याकडे सध्या अशा दोन जागा आहेत, आणि तिसरीला माझी ना नाही.